जमिनीला न टेकलेलं वजें

आमच्या घरात राग पाचवीला पुजलेला. बाबांचा राग हातात, आईचा मिटलेल्या ओठांत आणि माझा जिभेवर. थोरल्या बहिणीला आम्ही बाय म्हणायचो. तिच्या वाट्याला मात्र रागातलं काहीच आलं नाही, आणि नेमकी तीच अशा घरी पडली, जिथं चुलीआधी माणसं पेटायची. तिचं सासर वाळपईच्या पलीकडे, म्हादईकाठच्या एका गावात, डोंगराच्या पायथ्याशी. नवरा खाणीवरचा ट्रक चालवायचा. पगार बरा, घर कौलारू, पुढे सुपारीची झाडं. आणखी काय पाहायचं असतं, असं तेव्हा सगळे म्हणाले होते.

लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला, म्हणजे गणपतीत, मुलीच्या माहेरून सासरी वजें जातं. नेवऱ्या, लाडू, खाजें, नारळ, केळ्यांचा घड, जे ज्याला झेपेल ते टोपल्यांत भरून डोक्यावरून न्यायचं. आमचं वजें त्या वर्षी पावसात अडकून उशिरा पोचलं, आणि खाजें ओलं झालं होतं. ओल्या खाज्यासाठी बायनं मार खाल्ला. हे तिनं सांगितलं नाही. तिच्या पाठीवरचे वळ मी तिला न्हाऊ घालताना पाहिले. ती दोनदा पळून माहेरी आली, आणि दोन्ही वेळा आईनंच तिला परत पाठवलं. दुसऱ्यांदा मी आईशी इतकी भांडले की शेजारीण चुलीवरचा भात सोडून बघायला आली. आई मुलीला चेडू म्हणायची. ती एवढंच म्हणाली, "चेडवा, घर सोडून जातलां कोण आणि जातलां खंय?"

मग बायला दिवस गेले. सातव्या महिन्यात फुलं माळायची ठरली, आमच्याकडचं डोहाळजेवण. त्या दिवशीही माहेरचं वजें लागतं, आणि या खेपेला ते वेळेवर आणि वाजतगाजत पोचलं पाहिजे, असं आईनं मनाशी पक्कं केलं होतं. वजें पावलं तर बायची पाठ वाचेल, नाही तर पोटातलंही वाचणार नाही, अशी तिची भीती. ती बोलली नाही, पण नेवऱ्यांच्या कडा इतक्या दाबून दुमडत होती की मला कळलं. आईचा डावा हात मनगटातून वाकडा होता. भरलेली कळशी तिला त्या हातानं उचलता यायची नाही. आमच्याकडे विहिरीला बाव म्हणतात. "बावीर घसारलंय," असं ती त्या हाताबद्दल सांगायची. आमच्या जन्माआधीची गोष्ट. वज्यावरचं फडकं तिनं एका हातानं आणि दातांनी बांधलं.

नेमका तोच आठवडा राज्य पेटायचा होता. राज्य म्हणजे, तो दर्जासुद्धा मिळायला अजून काही महिने होते. राजभाषा कोकणी की मराठी, यावरून रस्त्यांवर झाडं आडवी पडली होती. आम्ही भांडायचो कोकणीत, देवाला हाक मारायचो मराठीत, आणि कोणी विचारलं तर दोन्ही आपल्याच म्हणायचो. पण त्या दिवसांत असं सांगणाऱ्याला दोन्हीकडून दगड मिळत होते. बसगाड्या बंद. म्हापशाकडे जाणारा रस्ता बंद. बाबा म्हणाले, "चलत जावया. आमचो बापूस बैलांच्या बाजारांक जाय, ती वाट हा मरे."

वज्याचा एक नियम आहे, निदान आमच्या घरात होता. घरून डोक्यावर चढलेलं वजें मुलीच्या उंबऱ्याशीच उतरवायचं. वाटेत जमिनीला टेकवायचं नाही. दमलात तर मांडीवर घ्या, देवळाच्या कट्ट्यावर ठेवा, झाडाच्या बेचक्यात अडकवा, पण मातीला लागता कामा नये. मोठी टोपली बाबांच्या डोक्यावर, आणि नारळांचं गाठोडं व वळेसर माझ्याकडे. अबोलीचे ते वळेसर, म्हणजे गजरे, केळीच्या पानात गुंडाळले होते. आमचं गाव पेडणं, ते सोडलं तेव्हा उजाडत होतं.

बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा बैलाला मारायचे, आम्हाला मारायचे, आणि आईला मारायचे. मी मोठी होईपर्यंत तो हात बराचसा थकला होता, म्हणून माझ्या वाट्याला थपडाच आल्या. पण आईसमोर त्यांनी नुसता हात उचलून टोपी सारखी केली तरी ती मान आत घ्यायची. मला त्यांची भीती वाटायची आणि चीडही यायची. असा माणूस त्या दिवशी दोन्ही हात टोपलीला लावून चालत होता. हातच अडकलेले, त्यामुळे सगळा राग त्यांच्या पायांत उतरला होता. ते इतके भरभर चालायचे की मला पळावं लागत होतं.

महामार्ग ओलांडताना पहिली बस दिसली. काचा फुटलेल्या, चाकं कापलेली. ड्रायव्हर पायरीवर बसून कपाळाला तवालो दाबून होता आणि तवालो लाल झाला होता. समोर आंब्याचं झाड बुंध्यापासून तोडून आडवं पाडलेलं, कोणीतरी शंभर वर्षं वाढवलेलं. त्या खोडावर बाबांनी टोपली टेकवली आणि मानेला हात लावला. आम्ही खोडाच्या या अंगाला आणि तो रक्ताळलेला माणूस त्या अंगाला, असे तिघं थोडा वेळ बसलो. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, ते मला तिथं समोर दिसलं. पण खरं सांगते, त्या दोन दिवसांत वजें टेकवायला आडव्या झाडांइतकी सोय दुसरी कुठली झाली नाही.

चांदेलवरून हळर्ण्याच्या बाजूनं आम्ही नदीवर आलो. किल्ल्याच्या पडक्या भिंतीवर वडाच्या मुळ्या उतरल्या होत्या आणि खाली होडी बांधलेली होती. होडीवाला आम्हाला न्यायला तयार नव्हता. पलीकडे माणसं जमली होती, ती येणाऱ्याला अडवत होती.

"तुमी खंयचे?" त्यानं विचारलं. "कोकणीवाले काय मराठीवाले?"

"चेडवाचे," बाबा म्हणाले.

होडीवाल्यानं वर टोपलीकडे पाहिलं, माझ्या हातातल्या फुलांकडे पाहिलं, आणि दोर सोडला. बाबा होडीत वजें मांडीवर घेऊन बसले. नदीच्या मध्यावर असताना पलीकडच्या काठावरून पहिला दगड आला. तो पाण्यात पडला. दुसरा होडीच्या कडेला लागला. तिसरा माझ्या खांद्यावर बसला आणि हात कोपरापर्यंत बधिर झाला. मी उभी राहून त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तो अगदी शुद्ध कोकणीत केला, त्यामुळे भाषेचा प्रश्न तरी मिटला असावा. दगड थांबले. बाबा टोपलीवर पालथे पडले होते. दोन्ही हातांनी तिला कवटाळून ते थरथरत होते. भीतीनं नाही, मी त्यांचं थरथरणं ओळखत होते. काठाला लागल्यावर टोपली डोक्यावर घेऊन ते त्या माणसांच्या अगदी जवळून गेले आणि हळू म्हणाले, "माझ्या टकलेर वजें हा, ह्यां तुमचां नशीब."

ते बाजूला सरले. वज्याला लोक वाट देतात. दगड मारणारेही देतात, हे मला नवीन होतं.

मेणकुऱ्यावरून डिचोलीला पोचेपर्यंत माझा खांदा सुजून चोळीत मावेना. नमाजगाच्या टेकडीखाली, जिथं एकेकाळी दोन राजांनी तह केला असं सांगतात, तिथं पोलिसांची गाडी उभी होती. बाजारात लाठ्या चालल्या होत्या. रस्ताभर चपला पडलेल्या, एक उलटी सायकल, सांडलेले तांदूळ, आणि त्या तांदळांतून लोक धावलेले. आम्ही एका देवळात शिरलो. पुजाऱ्यानं आम्हाला पाणी दिलं आणि वजें सभामंडपातल्या कदेलावर, खुर्चीवर, ठेवायला सांगितलं. बाबांनी कदेल हलवून पाहिलं, पाय मजबूत आहेत का म्हणून, आणि मगच टोपली ठेवली. रात्र आम्ही तिथं काढली. सकाळी अबोली मलूल झाली होती. मी ती ओल्या फडक्यात बांधली आणि आम्ही निघालो.

साखळी गावात त्याहून वाईट पाहिलं. वाळवंटी नदीचं पाणी खाणीच्या मातीनं लाल असायचंच, त्यात भर म्हणून काठावर टायर जळत होते आणि धूर नदीवर बसला होता. पुलाच्या अलीकडे एका दुकानदाराला चार-पाच जण मारत होते. त्यानं बंद मोडून दुकान उघडलं होतं म्हणे. मारणारे त्याला नावानं हाका मारत होते, म्हणजे ओळखीचे, शेजारचे. तो खाली पडला तरी एक जण सायकलच्या साखळीनं मारत राहिला. मी ओरडले, "अरे मरतलो तो!" एकानं माझ्याकडे वळून साखळी नुसती हलवून दाखवली. बाबांनी कोपरानं मला पुढे ढकललं. मला त्यांचा संताप आला. घरात मारायला हात उठतो आणि इथं कोपर. पण त्या दुकानदाराच्या बायकोनं जनेलातून, खिडकीतून, जे किंचाळायचं होतं ते किंचाळून झालं होतं, आणि आता ती नुसतीच तोंड उघडं ठेवून उभी होती. ते तोंड बघून बाबांनी मान खाली घातली, टोपलीसकट. होंड्यापर्यंत ते तसेच चालले.

वाळपईच्या पुढे मात्र काहीच घडलं नव्हतं. वाघेरीचा डोंगर निळा, शेतात चवळी पेरलेली, बायका पाणी भरताहेत. एवढ्या रक्तातून चालत आल्यावर ती शांतता मला लबाड वाटली. म्हादई गुडघाभर होती. आम्ही ती पायी ओलांडली. थंड पाण्यानं पायांचे फोड चरचरले, आणि बाबा पहिल्यांदाच हसल्यासारखे दिसले. "वेळेर पावलो," ते म्हणाले. "आतां बायेक कोण कांय म्हणूक शकना." फुलं माळायची होती ती दुसऱ्या दिवशी. आम्ही खरंच वेळेवर पोचलो होतो. वजें शाबूत होतं, कोरडं होतं, एक नेवरीसुद्धा मोडली नव्हती. मला आईची आठवण आली आणि आनंदानं रडू येईल असं वाटलं.

बायची सासू सोप्यावर तांदूळ निवडत होती. आम्हाला पाहून ती उठली, पदर सावरला, "इलास? येवा, येवा," म्हणाली, आणि वजें उतरवून घ्यायला दोन्ही हात पुढे केले. बाबांनी टोपलीला हात घातला, गुडघे थोडे वाकवले. तेवढ्यात आतून बाय आली. पोट पुढे, खालचा ओठ फाटलेला, आणि डावा हात जुन्या लुगड्याच्या पट्टीनं गळ्यात बांधलेला. मनगट सुजून निळं पडलं होतं आणि बोटं भलत्याच बाजूला वळली होती. ती आमच्याकडे पाहून हसायला गेली, आणि ओठातून रक्त आलं.

मी काही बोलायच्या आत सासूच बोलली. अगदी सहज, जशी पावसाची गोष्ट करावी.

"बावीर घसारली," ती म्हणाली.

बाबांचे गुडघे वाकलेलेच राहिले. सासूच्या बोटांना टोपलीची कड लागली होती. मी बाबांच्या तोंडाकडे पाहत होते. माझी खात्री होती की आता ते टोपली टाकून त्या म्हातारीचा नाही तर तिच्या मुलाचा गळा धरणार, आणि मला तेच हवं होतं. पण त्यांचा चेहरा रागाचा नव्हता. भर बाजारात कोणी आपलं धोतर फेडावं, तसा तो झाला होता. मग ते हळूहळू सरळ झाले. टोपली पुन्हा डोक्यावर गेली.

"बाये," ते म्हणाले, "भायर ये. घराक जावया."

सासूला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारला. "अरे, वजें परत न्हेतास? वजें परत गेलां म्हणजे सून परत गेली. मागीर तिका ही पायरी चडूक मेळची ना!"

"होय," बाबा म्हणाले.

बंदमुळे ट्रक उभे होते, म्हणून जावई घरातच होता. तो झोपेतून उठून आला आणि पहिलं काय केलं, तर बायचा आंबाडा धरून तिला मागे खेचलं. ती पोटावर हात ठेवून खांबाला आदळली. मग त्यानं सरपणातलं एक लाकूड उचललं आणि बाबांच्या पाठीत घातलं. बाबा एक पाऊल पुढे गेले. त्यानं दुसऱ्यांदा घातलं. बाबांनी दोन्ही हात टोपलीवरून काढले नाहीत. "तू चल बाये," एवढंच ते म्हणत होते, आणि त्यांचा सदरा पाठीवर ओला होत होता. तिसऱ्यांदा लाकूड वर गेलं तेव्हा मी गाठोड्यातला एक नारळ काढला. देवासमोर नारळ वाढवताना माझे नेहमी दोन-तीन घाव फुकट जायचे. त्या दिवशी एकात काम झालं. तो कपाळ धरून सोप्यावर बसला, बोटांतून रक्त आणि नारळाचं पाणी एकत्र गळायला लागलं, आणि मला जे समाधान वाटलं ते मी आजही कोणाजवळ नाकारणार नाही.

गाव गोळा झाला. चार पुरुष पुढे आले, मला वाटलं आता आपली गत साखळीच्या दुकानदाराची. पण बाबा टोपली घेऊन त्यांच्या मधूनच चालायला लागले आणि माणसं बाजूला झाली, सवयीनं. बाय मध्ये, मी मागे. सासू हाका मारत राहिली, पण अंगणाच्या कडेला थांबली. गावाबाहेर एका म्हाताऱ्यानं काही न विचारता बैलगाडी जुंपली. बाय गाडीत आडवी झाली. गाडीत वजें ठेवलं तर ते टेकल्यासारखं होईल का, यावर बाबा विचार करत उभे राहिले, आणि शेवटी डोक्यावरच घेऊन गाडीमागून चालले.

साखळीला डॉक्टरनं बायचा हात प्लास्टरमध्ये घातला. तोवर झाडं हटवायला सुरुवात झाली होती. पुढचा प्रवास आम्ही तुकड्या-तुकड्यांनी केला, थोडा एका टेम्पोतून, थोडा पायी, नदी पुन्हा त्याच होडीतून. होडीवाल्यानं टोपली ओळखली आणि दोर सोडला. सगळी वाट माझ्या मनात एकच गोष्ट होती. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या बापाचा अभिमान वाटत होता. बाय झोपली असताना मी त्यांना सासूच्या त्या खोट्याबद्दल विचारलं, "बाबा, तिणां सांगल्यान तां फट, ह्यां तुमकां कसां कळलां?" त्यांनी नदीकडे पाहिलं. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल.

घरी पोचलो तेव्हा आई अंगण सारवत होती. तिनं आधी बायचं पोट पाहिलं, मग प्लास्टर, मग बाबांच्या डोक्यावरची टोपली. टोपलीवरची गाठ तिचीच होती, दातांनी मारलेली. ती तशीच होती. तिनं हात धुतले, पुढे आली, आणि वजें उतरवून घेतलं. फडकं सोडून आत पाहिलं, माझं गाठोडं चाचपलं.

"एक नारळ खंय?"

"जावयाच्या कपाळार," मी म्हणाले.

आई हसली नाही. ती बायजवळ गेली आणि प्लास्टर केलेला हात आपल्या वाकड्या हातावर तोलून धरला.

"बावीर घसारलंस?" तिनं विचारलं. बायनं नाही म्हणून मान हलवली.

आई बाबांकडे वळली नाही. बोलली मात्र त्यांनाच ऐकू जाईल असं.

"तू पोटात होतंस तेवा माझां वजें इलां. माझो हात असोच गळ्यात बांदलेलो. माझ्या बापाशीन हात बगल्यान, वजें उंबऱ्यार ठेवल्यान, जेवलो आणि गेलो."

मग तिनं टोपली ओल्या अंगणात, सारवलेल्या मातीवर ठेवली, एक नेवरी काढून बायच्या तोंडात दिली आणि तिला आत घेऊन गेली. मी पण गेले. बाबा अंगणातच उभे होते. हात मोकळे होते, तरी ते कुठं ठेवायचे हे त्यांना कळत नव्हतं. आत ये असं त्यांना कोणी म्हटलं नाही.